झाकणाखालचा हात

मी कडबाकुट्टी बोलतेय. जवळ येऊ नका. तिथंच उभे राहा, हातभर लांब, आणि ऐका.

माझ्याविषयी या घरात कुणी चांगलं बोलत नाही, आणि ते बरोबरच आहे. राणीची दोन बोटं मी तोडली. उजव्या हाताची, अंगठ्याशेजारची दोन. वैरण कुठली आणि बोट कुठलं हे मला कळत नाही. आत सरकेल ते ओढायचं आणि पात्यानं तोडायचं, एवढंच मला शिकवलंय. म्हणून तर माझ्या तोंडावर लोखंडी झाकण बसवायचं असतं. माणसाचा हात वैरण ओढणाऱ्या रुळापर्यंत पोचू नये म्हणून.

माझं झाकण कारखान्यातून माझ्याबरोबरच निघालं होतं, वेगळ्या खोक्यात. कडेगावात दादासोच्या दुकानात ते उतरलं आणि गोदामात भिरकावलं गेलं. तिथं आधीच दहा-बारा झाकणं गंजत पडली होती.

"झाकण असलं की वैरण हळू जाती. मग गिऱ्हाईक कटकट करतंय," दादासो आपल्या मेकॅनिकला, नानासोला म्हणाला. "राहू दे उघडंच. मशीन कसं तडातडा चाललं पायजे!"

दुकानात देवाची तसबीर होती, तिला रोज ताजा हार असायचा. माझ्या तोंडाकडं मात्र कुणी पाहिलं नाही.

दगडाबाई मला न्यायला आली ती लेक बिरदेव आणि सून राणीला घेऊन. पिढ्यान्‌पिढ्या मेंढरांमागं फिरलेलं घर, आता चार एकरांत स्थिरावलेलं. दारात दोन जर्शी गाई, थोडी शेरडं. विळ्यानं वैरण तोडून राणीचे खांदे भरून यायचे, म्हणून मला आणलं. मी टेम्पोतून उतरले, तशी बिरदेवनं वायर जोडायला घेतली. दगडाबाई ओरडली, "थांब की रं! आदी भंडारा. बिरोबाला इचारल्याबिगर लोखंड फिरवायचं न्हाई."

तिनं गोडेतेलात भंडारा कालवला. "राणे, तुझा हात उठीव. राबणार तू हायस."

राणीनं पिवळा हात माझ्या पांढऱ्या तोंडावर दाबला, रुळाच्या बरोबर वर. लहानपणी दगड पडून तिची करंगळी वाकडी झाली होती. तीसुद्धा तशीच वाकडी उमटली. बिरदेवनं मोबाइलवर फोटो काढला. त्यात राणी पिवळा तळवा दाखवत हसतेय. मी मात्र दगडाबाईच्या पदराआड राहिले.

आठ महिन्यांनी, एका सकाळी, मक्याचं जाड ताट माझ्या रुळात अडकलं. राणीनं ते पुढं ढकललं. रूळ फिरत होते. मी थांबले नाही. त्याहून जास्त मी काही सांगणार नाही.

मग माणसांची तोंडं चालू झाली. ती माझ्यापेक्षा बारीक कापतात. "ध्यान कुठं हुतं तिचं?" बिरदेव म्हणाला. "पैल्यापासनं धांदरटच हाय," दगडाबाई म्हणाली. येणारा-जाणारा गोठ्यात डोकावून मान हलवायचा. राणी डाव्या हातानं शेण भरायची.

आठवड्याभरात नानासो हजर झाला, हातात झाकण घेऊन. "शेटनी सांगितलंय, फुकट बसवून देतो. जिवाची काळजी बगा!"

राणी पट्टी बदलायला सांगलीला गेली होती. दगडाबाईला त्या पाहुण्याचं भारी कौतुक वाटलं! तिनं चूल पेटवली. नानासोनं माझ्या तोंडावरचं तेलकट पिवळं पाहिलं आणि पुसायला खिशातून चिंधी काढली. तेवढ्यात दगडाबाई कपबशी घेऊन उभी. "घ्या आदी. च्या गार हुतोय." त्यानं चिंधी परत खिशात कोंबली, चहा प्याला, घाईघाईत चार बोल्ट आवळले, माझा फोटो काढला आणि गाडीला किक मारली. माझ्या तोंडावर त्या दिवशी पहिल्यांदा झाकण चढलं.

तिकडं सांगलीच्या दवाखान्यात कुणीतरी राणीला विश्रामबागेतल्या संयोगिता वकीलबाईंचं नाव सांगितलं. फसलेल्या गिऱ्हाइकांच्या केसेस त्या चालवतात. आमच्या गोठ्यात आल्या तेव्हा त्यांनी बसायला दिलेलं पोतं बाजूला ठेवलं आणि माझ्यासमोर उकिडव्या बसल्या.

"काय हवंय तुला?" त्यांनी राणीला विचारलं.

"पैसं मिळालं तर बरंच हाय," राणी म्हणाली. "न्हाई मिळालं तरी चालंल. पर माझी चूक न्हवती, एवढं कुनीतरी कागदावर लिवून द्या. सही-शिक्क्याचं."

वकीलबाईंनी दुकानाला नोटीस धाडली, मग जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार केली. दादासोचं उत्तर आलं, तेव्हा त्यांनी ते गोठ्यातच वाचून दाखवलं. यंत्र देताना झाकण बसवलेलं होतं. तक्रारदारानं काम लवकर उरकायला ते स्वतः काढलं आणि अपघातानंतर परत चढवलं. सोबत माझा झाकणासकटचा फोटो.

"हे बसवलं कुणी?" त्यांचा आवाज चढला.

"फुकट देतो म्हनला वो," दगडाबाई पुटपुटली.

"आणि तुम्ही बसवून घेतलंत! चहापण पाजला असेल?"

"आता दारात आलेल्याला…"

बिरदेव बायकोवर उखडला. "बग, झाली केस! आता कोर्टातबी तूच धांदरट."

अपघातानंतर राणी तेव्हा पहिल्यांदा माझ्याजवळ आली. झाकणाकडं बघत राहिली. मग म्हणाली, "मॅडम, ह्याच्याखाली माजा हात हाय. पैल्या दिवशी उठवल्याला."

बिरदेव पाना आणायला धावला. वकीलबाई ताडकन उठल्या. "खबरदार! एक बोल्ट हलवलास तर केस सोडून देईन. तुम्ही उघडलंत तर म्हणतील, काल रंगवलं. आयोगाचाच माणूस उघडेल, त्यांच्या डोळ्यांदेखत."

त्यांनी बोल्टांवरून सुतळी ओवली, लाख लावली आणि अर्ज केला. पाच महिने गेले. दादासोच्या वकिलानं तीनदा तारीख पुढं ढकलली. या दिवसांत मी वैरणीची काडी तोडली नाही. दगडाबाई दुरून म्हणायची, "पुसलं आसंल त्या भाड्यानं." वकीलबाईंनाही खात्री नव्हती. पोटात चिंधी आणि कपबशीची गोष्ट घेऊन मी गप्प उभी. लोखंडाला साक्ष देता येत नाही.

अखेर आयोगानं नेमलेले तंत्रनिकेतनातले एक सर आले. दादासो, नानासो, त्यांचा वकील, सगळे माझ्याभोवती. चौथा बोल्ट निघाला आणि झाकण खाली आलं.

पिवळा हात तिथंच होता. पाचही बोटांचा.

"हे कुणीही नंतर उमटवलं असेल," त्यांचा वकील म्हणाला.

"नंतर?" वकीलबाई म्हणाल्या. "राणी, हात धर इथं."

राणीनं हात पुढं केला. माझ्या इतक्या जवळ ती त्या सकाळनंतर आलीच नव्हती. अंगठा ठशाजवळ आला. अनामिका जुळली. वाकडी करंगळी बरोबर वाकड्या करंगळीवर आली, न टेकता. मधे दोन पिवळी बोटं नुसतीच उरली.

"ही दोन बोटं आमच्या अशिलानं अपघातानंतर कुठनं आणायची, ते विचारा तुमच्या शेटला."

सरांनी भिंग लावलं. "चारही भोकांवर रंग एकदाच खरवडलाय, म्हणजे झाकण एकदाच चढलंय. आणि बोल्टाखालीही भंडारा आहे," ते लिहिता लिहिता म्हणाले.

दादासो नानासोवर खेकसला, "पुसून का न्हाई घेतलंस रं?"

आपण काय बोललो हे त्याला जरा उशिरानंच कळलं. सर म्हणाले, "पुन्हा एकदा बोला, लिहून घेतो."

निकाल चैत्रात आला. भरपाईचा आकडा वकीलबाई सांगत होत्या, पण राणीचं तिकडं लक्ष नव्हतं. तिला हवी होती ती ओळ तिनं दोनदा वाचून घेतली: 'तक्रारदाराचा कोणताही निष्काळजीपणा सिद्ध होत नाही.' मग तो कागद तिनं बिरदेवच्या हातात दिला. "मोट्यानं वाच. आत्तींना आयकू जाऊ दे."

त्यानं वाचलं. दगडाबाई तुळशीपाशी उभी राहून पदराशी चाळा करत राहिली.

आता झाकण बसलेलंच आहे. वैरण हळू जाते, पण जाते. माझ्यापाशी बिरदेव बसतो. परवा खंडेनवमीला दगडाबाईनं विळे, कुऱ्हाडी, खुरपी मांडली, तेलात भंडारा कालवला आणि वाटी सुनेपुढं धरली. "राणे, कुट्टीवर हात उठीव."

राणीनं विळ्यांना बोट लावलं. कुऱ्हाडीला लावलं. माझ्यासमोर आली आणि वाटी खाली ठेवली.

"हिच्यावर एकदा ठेवलाय, आत्ती. बास."

मी तिची माफी मागत नाही. मला तोंड आहे ते तोडण्यापुरतं. तुमच्या गोठ्यात माझी एखादी बहीण उघड्या तोंडानं उभी असेल, तर आज वैरण टाकू नका. तिचं झाकण कुठल्या गोदामात गंजतंय ते आधी दुकानदाराला विचारा. भंडारा त्यानंतर.