न बघता विणणारी कुलसुम

मित्रांनो, मी तुमच्या पेन्सिलीपेक्षा थोडी आखूड आहे. अंग पोलादी, टोकाला बारीकसा आकडा आणि मुठीला सागाच्या लाकडाचा तुकडा. मला क्रोशाची सुई म्हणतात. आता मी जुनी झाले आहे. माझी हकीकत सांगते, पण ती कौतुकासाठी नव्हे. माझ्या हातून एक चूक झाली आहे आणि ती सांगितल्याशिवाय मला चैन पडणार नाही.

मुंबईच्या बाजारातल्या एका दुकानातून मला फारुकने विकत घेतलं. तो जहाजावर काम करायचा. रत्नागिरीला घरी आल्यावर त्याने मला आपल्या बायकोच्या, कुलसुमच्या, हातात ठेवलं. तिच्या बोटांना वळ पडू नयेत म्हणून लाकडाची मूठही त्यानेच बसवली. मग तो पुन्हा बोटीवर गेला, आणि कुलसुम आणि मी मागे राहिलो.

आम्ही दोघींनी खूप काम केलं. ईदसाठी जाळीच्या टोप्या विणल्या, पाळण्याच्या झालरी विणल्या, शेजारच्या सखूच्या नातवाची कुंची विणली. कुलसुमच्या हातात मी आपोआप चालायचे. टाका कुठे घ्यायचा हे तिच्या बोटांना कळायचं आणि तिची बोटं मला कळायची. याच गोष्टीचा मला फार अभिमान होता.

काही वर्षांपूर्वी मला पहिल्यांदा काहीतरी वेगळं जाणवलं. दिव्याकडे बघून कुलसुम म्हणाली, "आज दिव्याभोवती रंगीत कडी का दिसतायत?" मग कधी चहा कपाच्या बाहेर सांडायचा, कधी दाराच्या चौकटीला खांदा लागायचा. विणताना ती आता डोळ्यांऐवजी अंगठ्याने टाके मोजू लागली. टाका चुकतोय असं वाटलं की मी जरा अडायचे, तिला कळायचं, ती उसवून पुन्हा घ्यायची. वीण पूर्वीसारखीच सुबक यायची. मला वाटायचं, मी तिला मदत करते आहे.

पुढे फारुक वारला. मुलगा फहाद कुवेतला होता. त्याची बायको इकरा मोठी हुशार मुलगी. सासूबाईंचा वेळ जावा म्हणून तिने घराच्या पडवीत क्रोशाचा वर्ग सुरू केला. गावात फिरायला आलेल्या पाहुण्यांनी दोन तास बसायचं, एक फूल विणायला शिकायचं, चहा आणि नारळाची वडी खायची. इकरा सगळ्यांना सांगायची, "आमच्या अम्मी न बघता विणतात!" मग कुलसुम मान वर करून समोरच्या माडांकडे तोंड करायची आणि मी भराभर चालायचे. लोक टाळ्या वाजवायचे, मोबाइलवर फोटो काढायचे.

त्या टाळ्यांनी मी फुशारून गेले होते. ती न बघता का विणते, हे त्या घरात तिच्याखेरीज फक्त मला ठाऊक होतं.

गेल्या जानेवारीत मिरजेहून निवृत्त मंडळींची सहल आली. या सहलीला कसली घाई नव्हती. सकाळी भाट्याच्या किनाऱ्यावर सावकाश फेरी, मग बुरुडाकडे टोपल्या विणताना बघणं, आणि दुपारी आमची पडवी. बारा-तेरा जण चटईवर बसले. सदूभाऊ नावाचे एसटीतले निवृत्त कंडक्टर सगळ्यांत उत्साही. दोरा त्यांच्या बोटांत असा गुंतला की सोडवायला दोघी लागल्या.

"चाळीस वर्षं तिकिटं फाडली हो या बोटांनी," ते म्हणाले, "यांना जोडायची सवयच नाही!"

सगळे हसले. कुलसुमही हसली. तिच्या उजव्या हाताला राजश्रीबाई बसल्या होत्या. त्यांची सगळी नोकरी डोळ्यांच्या वॉर्डात परिचारिका म्हणून झाली होती. त्यांनी विणलेलं वेडंवाकडं फूल कुलसुमच्या उजव्या बाजूने पुढे केलं. कुलसुमने बघितलं नाही. त्यांनी फूल थोडं हलवलं. तरी नाही. मग त्या खाली वाकून हळूच म्हणाल्या, "भाभी, उजव्या डोळ्याने दिसत नाही ना तुम्हाला?"

कुलसुमचा हात थांबला. माझ्यावरचा टाका अर्धाच राहिला.

"हळू बोल गो बाय," ती कुजबुजली. "सुनेला कळलं तर ती हे सगळं बंद करील. मग मी दिवसभर काय करू? भिंतीकडे बघत बसू?"

"आणि डाव्या डोळ्याने?"

"समोरचं दिसतं. बाजूचं नाय दिसत."

"तुम्ही घरात सांगायलाच हवं, भाभी."

"नको. तुला माझी शपथ आहे."

राजश्रीबाईंनी फूल खाली ठेवलं. बाहेर गाडीचा भोंगा वाजला. मंडळी उठू लागली. कुलसुमने गडबडीने मला खाली ठेवलं. मी घरंगळत तिच्या उजवीकडे हातभर अंतरावर जाऊन पडले. दोरा आवरून ती मला शोधू लागली. तळहात चटईवर फिरवत, आधी डावीकडे, मग पुढे. मी उघड्यावर, उन्हाच्या तिरिपीत चकाकत पडले होते.

सदूभाऊ मला उचलून द्यायला वाकले. राजश्रीबाईंनी त्यांचं मनगट धरलं. त्यांनी नुसती नकाराची मान हलवली. इकरा चहाचे कप गोळा करत होती. तिचं लक्ष गेलं.

"अम्मी, काय शोधता? सुई ही काय, इथेच तर आहे."

कुलसुमचा तळहात फिरतच राहिला. इकराने हातातले कप खाली ठेवले. ती सासूबाईंजवळ येऊन बसली.

"अम्मी, कधीपासून?"

"फारुक होते तेव्हापासून," कुलसुम म्हणाली. "थोडं थोडं."

"आणि मी तुम्हाला लोकांसमोर बसवून टाळ्या घेत होते!"  इकराने ओढणी तोंडाला लावली.

बाहेर पुन्हा भोंगा वाजला. सदूभाऊ पडवीच्या पायरीवर जाऊन ओरडले, "गाडी थांबव रे! मी घंटी दिल्याशिवाय गाडी सुटायची नाही!"

दुसऱ्या दिवशी मंडळी हेदवीला जायची होती. राजश्रीबाई गेल्या नाहीत. त्या कुलसुम आणि इकराबरोबर डोळ्यांच्या दवाखान्यात गेल्या. मी कुलसुमच्या पिशवीत होते. सवयीने तिने मला घेतलं होतं. डॉक्टरांनी काचबिंदू सांगितला, म्हणजे डोळ्यातला दाब वाढून नजर हळूहळू जाणं. उजव्या डोळ्याची नजर परत यायची नाही. डाव्या डोळ्यात उरली आहे तेवढी रोज थेंब घालून टिकवता येईल.

"विणकामामुळे झालं का हे?" इकराने विचारलं.

"नाही," डॉक्टर म्हणाले. "विणकामाचा यात काही दोष नाही. फक्त यायला उशीर झाला."

ते ऐकून क्षणभर मला सुटल्यासारखं वाटलं. कित्येक वर्षं मला भीती होती की तिचे डोळे मीच खाल्ले. पण मग 'उशीर' हा शब्द मला टोचू लागला. तो उशीर कुणामुळे झाला? माझ्या अडण्यामुळे तिचे टाके कधी चुकले नाहीत. वीण बिघडली असती, टोपी वाकडी झाली असती, तर कुणीतरी विचारलं असतं. मी सगळं नीटनेटकं ठेवलं आणि त्या नीटनेटक्या विणीआड तिचा एक डोळा विझून गेला.

आता इकरा सकाळ-संध्याकाळ घड्याळ लावून थेंब घालते. पडवीतला वर्ग तिने बंद केला नाही. कुलसुमची भीती खोटी ठरली. फक्त "न बघता विणतात" असं ती आता म्हणत नाही. पाहुण्यांना ती खरं काय ते सांगते आणि चाळिशी उलटलेल्यांना डोळ्यांतला दाब तपासून घ्यायला सांगते. कुलसुम पूर्वीपेक्षा सावकाश विणते आणि चुकलं की सुनेला हाक मारते. मला अजून तिच्या बोटांकडे बघवत नाही.

मित्रांनो, तुमच्याही घरात कुणीतरी असेल, जे सगळं बिनचूक करतं आणि कधी तक्रार करत नाही. त्यांचं कौतुक जरूर करा. पण टाळ्या वाजवून झाल्या की त्यांच्याजवळ जाऊन बसा आणि विचारा, "तुम्हाला काही त्रास होत नाही ना?" ते "नाही" म्हणतील. तेवढ्यावर उठू नका.