पट्टी कुठून काढायची

अकोल्याचे डॉक्टर ऑपरेशनमध्ये घालायची पट्टी हाडामागून ओवून काढतो म्हणाले, अमरावतीचे जांघेतून. खुशालमामांना या फरकातून एकच प्रश्न सुचला.

"गॅरंटी कोनाची जास्त?"

विहिरीवरची मोटर घेतानाही ते हेच विचारतात.

मैनामामी खोकली, शिंकली, पाटी उचलली, की तिला लघवी गळते. व्यायाम करून झाले होते. तेल्हाऱ्याच्या बाजारात ती पोत्यावर उकिडवी बसून भाजी विकते आणि गळू नये म्हणून सकाळपासून पाणी पीत नाही. ऑपरेशननंतर पुन्हा त्याच पोत्यावर बसता यावं, एवढंच तिला हवं होतं. नाहीतर तिची जागा दुसरी कुणी धरणार.

मी आचल, शरीरक्रियाशास्त्र शिकलेली भाची, म्हणून सोबत होते.

अमरावतीच्या डॉक्टरांनी मामीकडे न बघता मामांना सगळं समजावलं. मूत्रमार्गाखाली जाळीची पट्टी, दोन्ही टोकं जांघेतून बाहेर. "अकोल्यात अजून ओटीपोटाखालच्या हाडामागूनच सुया घालतात," ते हसले. "मूत्राशयाला भोक पडू शकतं. जुना खाक्या!"

मामाही हसले. कुणाला भोक पडू शकतं, हे बहुधा त्यांच्या लक्षात आलं नव्हतं.

"गळणं थांबण्यात दोन्ही साधारण सारखेच आहेत ना?" मी विचारलं. "आणि भोक पडलं तर ऑपरेशन चालू असतानाच दुर्बिणीतून दिसतं. उलट जांघेतल्या पद्धतीत मांडीचं दुखणं जास्त आढळतं."

"इंटरनेटवर वाचलंस?"

"विद्यापीठाच्या ग्रंथालयात."

"दुखतं काहींना. गोळ्या देतो आपण. घरातच तर असतात ह्या."

मामी खुर्चीवरून उठली, पदर खोचला आणि टेबलाशेजारी फरशीवर उकिडवी बसली.

"हे काय करून राहिली?" मामा ओरडले. "ऊठ!"

"डॉक्टरसायेब, मी दिवसभर अशी बसतो. माही मांडी दुखली तं कोन बसन बाजारात? हे?" तिने मामांकडे हनुवटी केली. "ह्यायले तं वांग्याचा भावबी सांगता येत नाही."

डॉक्टरांना टेबलावरून वाकून बघावं लागलं. पहिल्यांदाच.

"मग हाडामागूनच करा," मी म्हटलं. "धोके समजावून सांगा तिला. निवडू दे."

ते पेन हातात फिरवत राहिले. "माझ्याकडे ती पद्धत होत नाही."

"कावून?" मामीने विचारलं.

"मी... शिकलो ती जांघेचीच."

एवढा वेळ जो जुना खाक्या होता, तो यांना येत नव्हता. दुकानात एकच माप असलं की दुकानदार तुमचा पाय मोजत नाही, चप्पल कशी उठून दिसते ते सांगतो.

मामी गुडघ्यावर हात टेकून उठली. "मंग जातो आमी."

बसस्टँडवर मामा कुरकुरत होते. अकोल्याच्या डॉक्टरांना ते निघताना सुनावून आले होते, की अमरावतीले तुमच्यापेक्षा मोठा डॉक्टर हाय. "आता कोन्त्या तोंडानं जाऊ मी तिथं?"

"तुमी नका येऊ," मामी म्हणाली. "आचल येते. भोकाचं काय ते मले सांगा म्हनावं. ह्या खेपेले मी इचारतो."

"अन् मी?"

"तुमी पोत्यावर बसा तवरोक. जागा गेली नाही पायजे."

अकोल्याची गाडी लागली. मामी आधी चढली.