मास्तरांचा डावा पाय

शोरूममध्ये शिरता शिरताच माझ्या लेकीने तिथल्या विक्रीवाल्या पोरीला सांगून टाकलं, "आमचे बाबा तीस वर्षं ड्रायव्हिंग शिकवतायत. त्यांना काही समजावत बसू नका." झालं. पोरगी कौतुकाने माझ्याकडे बघायला लागली आणि मी लादीकडे.

खरं काय ते आधीच सांगतो, म्हणजे माझ्याबरोबर तुमचाही जीव टांगणीला लागेल. माझा डावा पाय घोट्याखाली मेला होता. दिसायला धडधाकट. उचल म्हटलं की उचलतो, ठेव म्हटलं की ठेवतो, पण कुठे ठेवला ते मला सांगत नाही. साखरेने नसा खाल्ल्या, असं डॉक्टर म्हणाले, त्याला आता आठ महिने झाले. "गाडी बंद करा," असंही स्पष्ट म्हणाले. मी मान डोलावली, गोळ्या घेतल्या आणि दुसऱ्या दिवशी सकाळी सातच्या बॅचला हजर झालो. घरात कुणाला पत्ता लागू दिला नाही. झाकली मूठ सव्वा लाखाची. गाडी बंद करून मी करायचं काय, पंख्याची पाती मोजत पडून राहायचं?

आता लेकीला हॉस्पिटलात मोठी जागा चालून आली होती, रक्ततपासणीच्या अख्ख्या विभागाची. पण शहराच्या दुसऱ्या टोकाला, आणि सकाळी सातला हजर. जावई जहाजावर, सहा सहा महिने पाण्यात. नात सहा वर्षांची. नाक एवढंसं म्हणून तिला आम्ही बटण म्हणतो. बटणची शाळा आठला. तेव्हा ठरलं असं, की एक छोटी, कमी पेट्रोल पिणारी गाडी घ्यायची आणि बटणला मी सोडायचं, मीच आणायचं, माझी सातची बॅच नवावर ढकलायची. लेकीला दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत होय-नाही कळवायचं होतं. "बाबा आहेत म्हणून मी हो म्हणतेय," असं ती तीनदा म्हणाली, आणि तिन्ही वेळा मी छाती काढून म्हणालो, "मग? मी काय मेलोय का?"

माझ्या डोक्यात बेत पक्का होता. ऑटोमॅटिक घ्यायची. क्लचच नाही म्हटल्यावर डाव्या पायाला कामच नाही, आणि काम नाही म्हटल्यावर बिंग फुटायचं कारण नाही. अडचण एवढीच, की ऑटोमॅटिकला मी जन्मभर नावं ठेवली होती. ज्याला गिअर टाकता येत नाही त्याने बसने जावं, हे माझं वाक्य आमच्या ड्रायव्हिंगच्या शाळेत पाठ आहे सगळ्यांना. त्यामुळे लेकीने बिचारीने माझ्या प्रेमापोटी आधी गिअरवालीच बाहेर काढायला लावली होती. म्हणाली, "तुम्हाला दुसरी आवडणार नाही, पण सोबत दोन्ही बघून ठेवू."

बसलो. पोरगी माझ्या शेजारी, लेक मागे. आरसे लावले, पट्टा लावला, सीट पुढे-मागे केली, परत होती तिथे आणली. वेळ काढत होतो, दुसरं काय. क्लच दाबताना मी आता मांडीवर जातो. मांडी किती ताणली त्यावरून पाय किती गेला असेल याचा हिशेब करायचा आणि बाकी इंजिनाच्या आवाजावर सोडायचं. शाळेच्या जुन्या गाडीचा आवाज माझ्या ओळखीचा आहे. ही नवी गाडी मुळी आवाजच करत नव्हती.

शोरूममधून रस्त्यावर जायला छोटासा चढ होता. चढावर मी क्लच सोडला, म्हणजे सोडला असं मला वाटलं, आणि गाडी दोन हात मागे आली. मागे उभा असलेला वॉचमन टुणकन बाजूला झाला. मी ब्रेक दाबला, पुन्हा केलं, इंजिन बंद पडलं. तीस वर्षांत माझ्या हातून चढावर इंजिन बंद पडलं नव्हतं.

"क्लच फार कडक ठेवलाय तुम्ही," मी म्हणालो.

"काका, या वर्गातला सगळ्यांत हलका हाच आहे," पोरगी अगदी अदबीने म्हणाली.

नाचता येईना अंगण वाकडं. हे मी हजारदा शिकाऊंना ऐकवलं असेल. कशीबशी एक फेरी मारली. दुसरा गिअर टाकताना खर्रकन आवाज झाला तेव्हा लेकीने मोबाइलमधून मान वर काढली. आरशात आमची नजरानजर झाली. मी नजर रस्त्यावर नेली. गाडीत एसी चालू होता आणि माझा शर्ट पाठीला चिकटला होता.

परत आल्यावर मी म्हणालो, "ऑटोमॅटिक बघू."

"तुम्ही? ऑटोमॅटिक?" लेक हसली. "बरे आहात ना?"

"वयाप्रमाणे माणसाने बदलावं," मी म्हणालो. एरवी असं वाक्य मी बोललो असतो तर तिने कपाळाला हात लावून बघितला असता.

दुसरी गाडी दिसायला तशीच, फक्त पायाशी दोनच पेडल. ब्रेक सोडला तशी आपण होऊनच हळूहळू निघाली. चढ चढली, रस्त्याला लागली, सिग्नलला थांबली, परत निघाली. उजवा पाय माझा शहाणा आहे, त्याने सगळं बिनबोभाट केलं. माझा जीव भांड्यात पडला. मी चक्क शीळ घालायला लागलो. मनात पुढच्या सकाळी दिसायला लागल्या, बटण मागच्या सीटवर, तिचा डबा, तिची बडबड.

पुढे एक रिक्षा अचानक थांबली. उजव्या पायाने ब्रेक मारलाच, पण तीस वर्षांची सवय, डावाही क्लच मारायला धावला. क्लच कुठला, तिथे ब्रेकचं रुंद पेडल. गाडी अशी गचकन थांबली की लेकीचा मोबाइल पुढे माझ्या खांद्यावर येऊन पडला. मागच्याने हॉर्न ठोकला.

"होतं काका," पोरगी हसत म्हणाली. "गिअरवाल्या गाडीतून आलेले सगळेच पहिल्या दिवशी असं करतात. डावा पाय मागे घेऊन ठेवा, बस."

सुटलो. तिने स्वतःच मला सबब काढून दिली. "हो हो, माहीत आहे, मीच शिकवतो ते," म्हणत मी डावा पाय मागे घेतला आणि गाडी काढली.

गाडी निघेना. म्हणजे रांगत होती, पण वेग धरेना. मी ॲक्सिलरेटर दाबला. इंजिन नुसतं कुरकुरलं. अजून दाबला. मागचे हॉर्न वाढले.

"ही काय गाडी आहे का बैलगाडी?" मी भडकलो. "पिकअपच नाही. असली गाडी विकता लोकांना?"

पोरगी वाकून खाली बघत होती. तिच्या चेहऱ्यावरचं हसू गेलं होतं. "काका, तुमचा पाय ब्रेकवर आहे."

"माझा पाय ॲक्सिलरेटरवर आहे. दिसत नाही का?"

"डावा, काका."

मी खाली बघितलं. माझा डावा बूट ब्रेकच्या पेडलवर आरामात बसला होता. मी तो मागे घेतलाय, जमिनीवर ठेवलाय, याबद्दल माझ्या मनात तिळभर शंका नव्हती. डोळ्यांनी दिसत असूनसुद्धा तो तिथे आहे असं मला वाटत नव्हतं. पाचावर धारण बसणे म्हणजे काय ते मला त्या क्षणी कळलं. पाय उचलून बाजूला ठेवला, खात्री करायला परत खाली बघितलं, आणि तेवढ्यात समोरून कोण येतंय ते बघायचं राहून गेलं. कुणी येत नव्हतं, हे नशीब. गाडी कडेला घेतली आणि बंद केली.

पोरगी समजूतदार. "मी ऑफिसला एक फोन करून येते," म्हणून उतरून गेली.

लेक म्हणाली, "बाबा, काय झालंय?"

आणि मी सांगितलं. पाय, डॉक्टर, गोळ्या, आठ महिने, सगळं. तिच्याकडे न बघता, स्टिअरिंगकडे बघून सांगितलं. शेवटी म्हणालो, "तुझी जागा जाईल माझ्यामुळे, कळतंय मला. पण बटणला मी या गाडीत घेऊन बसणार नाही. तिच्या जिवाशी खेळ नको."

खोटं कशाला बोलू, मला वाटलं ती माझा हात धरेल. इतकं कठीण बोललो होतो मी. तिने नाही धरला.

"बटणला तुम्ही आज वाचवलंत," ती म्हणाली. आवाज चढलेला नव्हता, तेच जास्त लागलं. "आठ महिने रोज सकाळी तुमच्या शेजारी जी पोरं बसली, ती कुणाची होती?"

आमच्या शाळेच्या गाडीत मास्तरच्या पायाशी एक जादा ब्रेक असतो. शिकाऊ चुकला तर तो दाबायचा. तो मी तीस वर्षं डाव्या पायाने दाबत आलोय. आठ महिने स्वतःला समजावत होतो, की जमतंय, अजून काही झालं नाही ना. दुसऱ्यास सांगे ब्रह्मज्ञान, तसा मी.

गाडी परत त्या पोरीने चालवत नेली. मी मागे बसलो, लेक पुढे. मी फोन काढला आणि आमच्या शाळेच्या मालकाला लावला. म्हटलं, "उद्यापासून मी येत नाही. उद्याच नाही, परत कधीच नाही."

तो गडबडला. "मास्तर, काय झालं? सातच्या त्या कॉलेजच्या मुलीची पुढच्या आठवड्यात परीक्षा आहे. तिला काय सांगू?"

"खरं ते सांग. मास्तरांना पाय कळत नाही म्हणून सांग," मी म्हणालो. पुढच्या सीटवर लेक ऐकत होती. "आणि तिला एक विचार. मंगळवारी तो सायकलवाला मध्ये आला, तेव्हा ब्रेक मी लावला असं म्हणून मी तिला खूप बोललो होतो. तो ब्रेक तिने लावला होता का, विचार. मला माहीत नाही."