भट्टीचा रविवार

मी एक भट्टी. विटांची, मातीची, आणि खरं सांगायचं तर आता निव्वळ तड्यांची. बेकरीच्या मागच्या भिंतीला टेकून उभी आहे आणि फार थकले आहे. आगीत जन्म काढणारीने थकव्याचं काय सांगावं, असं तुम्ही म्हणाल. पण ज्याचं जळतं त्यालाच कळतं.

गवंड्याने मला बांधलं तेव्हाच बेकरीवाल्याला बजावलं होतं, "हिला गार होऊ देऊ नका. तापली-निवली, तापली-निवली की विटा तडकतात."

बेकरीवाल्याने मान डोलावली आणि पहिल्याच शनिवारी संध्याकाळी माझ्या पोटातले निखारे खोऱ्याने ओढून काढले. का, तर रविवार देवाचा. सहा दिवस काम, मग विसावा. मालकाला, गड्याला, अगदी गाढवालासुद्धा, अशी शास्त्रात आज्ञा आहे म्हणे. सोमवारी पहाटे तो मला पुन्हा पेटवायचा आणि कुठली तरी वीट कुरकुरायची. माझ्या अंगावरचा एकेक तडा त्याच्या आज्ञापालनाचा आहे.

बदल्यात काय? देवाचं ऐकशील तर तुझ्या टोपलीला आणि परातीला आशीर्वाद मिळेल, असं वचन होतं. पीठ मळताना तो ते पुटपुटायचा. टोपली आणि परात! भट्टीचं नावसुद्धा नाही. राबायचं एकीने आणि कौतुक भलतीचंच.

आणि आशीर्वाद तरी कुठे दिसत होता? रविवारी लोक पावासाठी रांग लावायचे ती पलीकडच्या बेकरीसमोर. इस्पितळाला रोज पाव हवा होता. "शनिवारी दुप्पट देतो," हा म्हणाला. त्यांना ताजा हवा होता. गेलं ते काम हातचं.

त्याची बायको मोठी फटकळ. म्हणायची, "अहो, तुमची ती आशीर्वादाची परात अर्धीच भरते हो!"

"रिकामी तर नाही ना?" हा हसून म्हणायचा.

असं म्हणता म्हणता दोघं म्हातारी झाली. छप्पर गळायला लागलं, गिऱ्हाईक तुटलं. मग परवा इस्पितळाचा माणूस पुन्हा आला. सातही दिवस देणार असाल तर काम तुमचं, म्हणाला. त्या शनिवारी संध्याकाळी बेकरीवाल्याने खोऱ्याला हात लावला नाही. उलट दोन जाड ओंडके माझ्या तोंडात सारले आणि झाकण लावलं. लपवू कशाला, मला बरं वाटलं. एक तडा वाचला. पण तो पिठाच्या पोत्यावर मटकन बसला आणि म्हणाला, "देवा, थकलो रे आता."

धूर बघून बायको आली. मला वाटलं, ही खूश होणार. तिने पदर खोचला, झाकण उघडलं, ओंडके खोऱ्याने फरशीवर ओढले आणि त्यांच्यावर बादलीभर पाणी ओतलं.

"अगं, हे काय? जन्मभर तूच कटकट करत होतीस ना?"

"करत होते. आठवडाभर पिठात बुडालेला माणूस रविवारी माझ्यासमोर बसायचा, म्हणून तर करता आली. पलीकडचीला विचारा, तिचा नवरा तिच्याशी शेवटचं कधी बोलला ते. देवाने मला द्यायचं ते दिलंय. आता म्हातारपणी ते विकायला काढू नका."

तो ढसाढसा रडला. मलाही भरून आलं.

इस्पितळाला नकार गेला. छप्पर अजून गळतंच. गवंडी मला बघून गेला. हिचं आता काही खरं नाही, म्हणाला. ते मला न सांगताच कळतं. एखाद्या सोमवारी मी ढासळेन.

पण रविवारी दुपारी दोघं माझ्या कोमट भिंतीला पाठ लावून बसतात. ती बोलत असते, तो पेंगत हुंकार देत असतो. तेव्हा उरलीसुरली ऊब मी जिवाच्या कराराने धरून ठेवते. माझं मागणं एवढंच आहे: बाबांनो, सोमवारी घाई करू नका, मला हळूहळू पेटवा. या दोघांना अजून थोडे रविवार द्यायचे आहेत मला.