राउटर कपाटात

“कपाटात?” स्टुलावर उभ्या मल्हारीने ड्रिल मशीन बंद करून पुन्हा एकदा विचारलं.

“कपाटात,” चिमाजी भोये म्हणाले. “मधल्या खणात. वरच्या खणात कागदपत्रं आहेत.”

मल्हारी गेली बारा वर्षं पाथर्डी फाट्याच्या भागात वायरी ओढत होता. आधी टीव्हीच्या केबलच्या, आता इंटरनेटच्या. राउटरचे हाल त्याने बरेच पाहिले होते. एका घरी तो देव्हाऱ्याशेजारी होता आणि त्याला रोज हळदकुंकू लागत होतं. दुसऱ्या घरी त्याला क्रोशाची झालर लावलेलं झाकण होतं. पण लोखंडी कपाटात, कुलपाआड, हा प्रकार त्याला नवा होता.

“भोयेसाहेब, हे वायरलेस आहे. याच्यातून निघतं ते हवेतून जातं. कपाट लावल्यावर जाणार कुठून?”

“दाराला फट आहे. तुमची वायर तिथूनच आत येणार आहे ना?”

“वायर येईल हो.”

“मग तेही जाईल.”

मल्हारीने वाद घातला नाही. गिऱ्हाइकाशी वाद घातला की दुपारचं जेवण चारला होतं, हे त्याला ठाऊक होतं.

चिमाजी निवृत्तीपर्यंत एकतीस वर्षं एका सरकारी कार्यालयात भांडार लिपिक होते. सुरगाण्याच्या बाजूच्या एका पाड्यावरून अकरावी पास होऊन नोकरीला लागलेला त्यांच्या घरातला हा पहिलाच माणूस. नवीन वस्तू आली की तिच्यावर पांढऱ्या रंगाने क्रमांक घालायचा, ती कपाटात ठेवायची आणि किल्ली स्वतःकडे ठेवायची, एवढं काम. त्यानंतर ती वस्तू कुणी वापरली, तर तो भांडाराचा निष्काळजीपणा. त्यांच्या ताब्यातले सहा टाइपरायटर सात वर्षांनी भंगारात निघाले, तेव्हा एकाचीही फीत वापरलेली नव्हती. साहेबांनी सगळ्यांसमोर त्यांची पाठ थोपटली होती. घरी अठ्ठ्याण्णव साली फोन आला, तोही लाकडी पेटीत, कुलूप लावून. घंटा वाजली की किल्ली सापडेपर्यंत ती वाजत राही. नातेवाइकांना त्याची सवय झाली होती.

त्यामुळे राउटर कपाटात गेला, याचं बायकोला, लंकाबाईला, काहीच वाटलं नाही. मुलीला वाटलं.

पायल एम.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला होती, आणि तेही फिजिक्सला. पुण्याला नोकरी करणाऱ्या भावाने, मनोजने, तिच्यासाठी लॅपटॉप आणि हा राउटर पाठवला होता, म्हणजे तिला वरच्या खोलीत शांतपणे अभ्यास करता यावा.

“बाबा, लोखंडाच्या पेटीतून लहरी बाहेर येत नाहीत,” ती म्हणाली. “हे आम्हाला शिकवलंय.”

“ते फिजिक्समध्ये. हे घर आहे. धूळ बसते. शिवाय मागच्या गल्लीत चोरी झाली.”

“चोर राउटर नेतो का?”

“नेला म्हणजे कळेल.”

पायलने लॅपटॉप उचलला आणि हॉलमधल्या त्या कपाटाच्या दाराला जवळजवळ टेकून सतरंजीवर बसली. फटीजवळ दोन काड्या रेंज येत होती. सोफ्यापर्यंत एक. जिन्याच्या पहिल्या पायरीवर काही नाही.

पहिल्या दिवशी कपाटाला कुलूप लागलं ते खरोखरच सवयीने. दुसऱ्या दिवसापासून मात्र चिमाजींना काय घडतंय ते कळलं होतं.

आधी घरात जुना कॉम्प्युटर होता. वायर हॉलपर्यंतच यायची, म्हणून तो हॉलमध्ये. रोज सात ते नऊ पायल भिंतीकडे तोंड करून त्याच्यासमोर बसे. चिमाजी दिवाणावर पेपर धरून, लंकाबाई खाली मेथी निवडत. पायल मागे न वळता बोलायची.

“बाबा, प्रकाशसुद्धा वाकतो, माहितीये?”

“कुणासमोर?”

“सूर्यासमोर.”

“मग बरोबर आहे. मोठ्यासमोर वाकावंच लागतं.”

ती हसायची तेव्हा पाठीवरची वेणी हलायची. मुलीच्या चेहऱ्यापेक्षा चिमाजींना ती वेणीच जास्त ओळखीची झाली होती. ऑफिसात दिवसभरात त्यांच्याशी बोललं जाई ते “भोये, किल्ली,” एवढंच. या दोन तासांवर त्यांचा बाकीचा दिवस चालत होता.

मनोजचं उदाहरण त्यांच्यासमोर होतं. त्याला बारावीला वरची खोली दिली. मग तो जेवायला खाली यायचा, नंतर ताट वर न्यायला लागला, आणि एक दिवस वरच्या खोलीतून थेट पुण्याला गेला. मध्ये हॉल लागला की नाही, तेही कुणाला आठवत नव्हतं.

महिन्याभराने मल्हारी तक्रार बघायला आला. फोन पायलने केला होता. त्याने हॉलमध्ये तपासलं, जिन्यात तपासलं, वरच्या खोलीत तपासलं आणि फाटकापाशी चिमाजींना गाठलं.

“साहेब, लाइनीत काही दोष नाही. कपाट उघडा, काम संपलं.”

“मला माहीत आहे,” चिमाजी म्हणाले.

मल्हारीने पाना पिशवीत टाकता टाकता हात थांबवला. “मग?”

“खाली बसते ती. तेवढंच.”

मल्हारीने मान खाजवली. तक्रारीच्या कागदावर ‘पाहणी केली, ठीक’ असं लिहून सही घेतली. “पण साहेब,” जाताना तो म्हणाला, “पोरं काय, रेंज असेल तिकडे जातात.”

जूनमध्ये पायलला बंगलोरच्या एका संस्थेचं पत्र आलं. संशोधनासाठी पाच वर्षं, राहणं तिथेच. आधी इंटरनेटवरून मुलाखत. गुरुवारी अकरा वाजता.

बुधवारी तिने विचारलं, “बाबा, उद्यापुरतं ते बाहेर काढू या का?”

“बघू,” चिमाजी म्हणाले.

भांडारात ‘बघू’ला नकाराचाच दर्जा होता, फक्त त्यावर सही लागत नसे. कपाटाजवळच सतरंजीवर बसून मुलाखत द्यायची, असं पायलने ठरवून टाकलं. मागच्या भिंतीवर लंकाबाईने धुतलेली चादर लावून दिली.

गुरुवारी साडेदहाला फाटक वाजलं. लंकाबाईचा भाऊ बुधा, एका डोळ्यावर पट्टी, खांद्यावर तांदळाची गोणी. गावाकडचं कुणी सिव्हिल हॉस्पिटलला आलं की आधी भोयांकडे उतरायचं, हा तीस वर्षांचा शिरस्ता. त्यात तिथी-वार बघण्याची पद्धत नव्हती.

“दाजी, डोळ्यात लय पाणी येतंय,” बुधा दिवाणावर बसत मोठ्याने म्हणाला. त्याला शेतातून शेतात बोलायची सवय. “डॉक्टर म्हणला, मोती हाय. आता मोती हाय तर मला दे म्हणलं काढून!”

“हळू बोल, रे,” लंकाबाई म्हणाली. “पोरीची परीक्षा हाय.”

“कुठं हाय? ही तर घरातच बसलीय.”

पायलने लॅपटॉप उचलला. “मी वर जाते,” ती म्हणाली. “कदाचित लागेल.” तिचा आवाज अगदी सरळ होता, आणि लागणार नाही हे तिच्याइतकं कुणालाच माहीत नव्हतं.

अकरा वाजून गेले. सात मिनिटांनी ती जिन्याच्या टोकाशी आली.

“गेलं, बाबा. एकदाही जोडलं गेलं नाही. त्यांचा मोबाइलवर फोन आला, पाच मिनिटांनी पुन्हा लावतो म्हणाले. शेवटचं.”

तिने कपाटाकडे पाहिलंही नाही. आत गेली आणि दार लोटलं.

चिमाजी उभे राहिले. काही करायची गरज नव्हती. यंत्र आहे, बंद पडतं. कंपनीवाल्यांचा भरवसा नाही. योग असतो. एकतीस वर्षं त्यांनी अशा वाक्यांवर काढली होती आणि त्यातल्या एकाबद्दलही कुणी त्यांना जाब विचारला नव्हता. पाच मिनिटं नुसतं उभं राहिलं असतं, तर संध्याकाळी सातला ती खाली येऊन बसली असती. उद्याही. परवाही.

“अहो,” लंकाबाई म्हणाली. फक्त एवढंच.

त्यांनी कनवटीची किल्ली काढली.

वायर ओढून आणली तर सातव्या पायरीपर्यंत आली. पायऱ्या होत्या अकरा. एक्स्टेन्शन बोर्ड पाचव्या पायरीवर ठेवला, त्यात राउटरचा प्लग खोचला. हिरवे दिवे एकेक करून लागले, शेवटचा बराच वेळ विचार करून.

“आलं का?” त्यांनी वर विचारलं.

“थोडं वर घ्या,” आतून आवाज आला. “अजून. हां. तिथेच. हलवू नका.”

तिथे म्हणजे छातीच्या उंचीवर, दोन्ही हातांवर. तेवढ्या उंचीवर ठेवायला काही नव्हतं, पायरीवर ठेवला तर रेंज नव्हती. चिमाजी सातव्या पायरीवर राउटर धरून उभे राहिले. बुधा एका डोळ्याने खालून बघत होता.

“दाजी, आरती हाय का?”

लंकाबाईने त्याच्या हातात चहाची कपबशी देऊन तोंड बंद केलं.

दारापलीकडे पायल इंग्रजीत बोलत होती. हा आवाज चिमाजींनी कधी ऐकला नव्हता. तिथे ती मागे न वळता बोलत नव्हती; समोर बघून, न थांबता, कुणाला न घाबरता बोलत होती. पलीकडून दोन-तीन माणसांचे आवाज येत. ते काही विचारत, ती सांगे, ते पुन्हा विचारत. मोठी माणसं असावीत, आणि ती वाकत नव्हती. मध्येच ‘फादर’ असा शब्द आला. पुढचं वाक्य लांबलचक होतं. चिमाजींनी कान दिला, पण ते समजायच्या आत संपलं आणि पलीकडची माणसं हसली. चांगलं हसली की कसं, हे दारातून कळायला मार्ग नव्हता.

वीस मिनिटांनी डाव्या दंडात कळ यायला लागली. त्यांनी उजवा हात राउटरखाली सरकवला आणि भार तिकडे घेतला.

मग खुर्ची सरकल्याचा आवाज. पायल मोबाइलवर बोलायला लागली, आता मराठीत, भराभर. “दादा! अरे झालं! घेतायत बहुतेक. एक ऑगस्टला हजर व्हायला जमेल का विचारत होते. अरे हो, खरंच!”

लंकाबाई जिन्याखाली येऊन उभी राहिली. तिनेही ऐकलं होतं. पदर सारखा करत ती हळूच म्हणाली, “झालं जणू. ठेवा आता खाली. हात भरून आले असतील.”

“तिने सांगितलं नाही अजून,” चिमाजी म्हणाले, आणि राउटर हातभर आणखी वर धरला.