फुग्यातली हवा

भूल देणाऱ्या मोठ्या डॉक्टरांना आपल्या बोटांचा भारी गर्व. श्वासाची नळी घशात बसली, की तिच्याभोवतीचा फुगा ते हवेने फुगवत, तोंडाबाहेर लोंबणारा त्याचा पिटुकला जोडफुगा चिमटीत दाबून बघत आणि म्हणत, "झालं!" हवा जास्त झाली की रोग्याचा घसा आतून सोलवटतो, आवाज बसतो. ती मोजायचा मीटर कपाटात धूळ खात पडला होता. तो लावा म्हणून मागे लागणाऱ्या तंत्रज्ञ बाईला डॉक्टरांनी 'मीटरबाई' करून टाकलं होतं.

मीटरबाईची ताई बसस्थानकावर गाड्या पुकारायची. तिच्या पित्ताशयातले खडे काढायची तारीख पडली होती आणि भूल देणार होते हेच बोटबहाद्दर.

त्याआधी डॉक्टरांचंच हर्नियाचं ऑपरेशन निघालं. ज्युनिअरने साहेबांच्याच पद्धतीने फुगा चिमटीत दाबला. मीटरबाईने मीटर लावला, तर काटा सत्तरवर! पंचवीस पुरे. क्षणभर तिला वाटलं, राहू दे, बघू दे म्हणावं चव. मग स्वतःचीच लाज वाटून तिने हवा सोडली.

तीन आठवड्यांनी डॉक्टर खणखणीत आवाजात हजर. "माझ्याच पद्धतीने नळी घातली, घसा साधा खवखवलासुद्धा नाही! हातच्या काकणाला आरसा कशाला?"

"सर, मी मीटर लावला होता." तिने ज्युनिअरकडे बघितलं. तो हातमोजे शोधू लागला.

"मी बेशुद्ध असताना माझ्या घशाशी खेळलात? कुणाला विचारून?" डॉक्टरांनी कपाटाला कुलूप लावून किल्ली खिशात टाकली.

त्याच दिवशी टेबलावर ताई होती. "तू आहेस म्हटल्यावर मला कसली गं काळजी," असं म्हणत ती झोपी गेली.

"सर, हिचं पोट आवाजावर आहे. एकदाच लावू द्या, पाया पडते."

"मग तर माझीच बोटं हवीत." त्यांनी फुगा दाबून बघितला आणि मीटरबाईच्या डोळ्यांत बघत सिरिंजने आणखी थोडी हवा भरली. मीटरबाईने नोकरीच्या भीतीने नळी चिकटपट्टीने ताईच्या गालाला चिकटवून दिली.

संध्याकाळी ताईने तोंड उघडलं, तर नुसती घरघर. बाहेर डॉक्टर कुणाला तरी हसून काही सांगत होते, शब्द न् शब्द ऐकू येत होता. ताईने बहिणीचा हात जवळ ओढला आणि नुसत्या ओठांनी विचारलं, "तू होतीस ना गं आत?"