पहिल्या डायनासोरची सर

जमुनाबाईने प्लास्टिकची खुर्ची फरफटत नेली आणि थेट पहिल्या रांगेत, पडद्याच्या बरोब्बर समोर मांडली. मागून दोघे-तिघे कुरकुरले, पण उठा म्हणायची कुणाची छाती झाली नाही. एडवणच्या समाजमंदिरात भर दुपारी खिडक्यांना निळ्या ताडपत्र्या ठोकून अंधार केला होता. भिंतीवर पांढरी चादर, डोक्यावर खडखडणारे पंखे, आणि निम्मा गाव घाम पुसत बसलेला. ‘डायनासोर परत आला’चा पहिला खेळ होता.

“आई, जरा कडेला घ्या ना खुर्ची,” तिची सून हेतल हळूच म्हणाली.

जमुनाबाईने मान हलवली. नाही म्हणजे नाही.

आता हीच तिची भाषा होती. गळ्यातली गाठ काढली तेव्हापासून आवाज जो बसला तो बसलाच. जीव वाचला हे काय थोडं आहे, असं डॉक्टर म्हणाले. थोडं नव्हतंच. पण पालघरच्या मासळीबाजारात जिची हाक या टोकाला निघून त्या टोकाच्या बायकांना वळायला लावायची, ती आता म्हावऱ्याच्या पाटीमागे मुकाट बसायची आणि हाका सून मारायची. हेतल बिचारी जीव तोडून ओरडायची, पण त्या ओरडण्याला हेलच नव्हता. जमुनाबाई काही बोलायला जाई, तोवर गिऱ्हाईक पुढच्या पाटीवर. घरीही तेच. ती ओठ हलवी आणि माणसं आपलं आपलं बोलत राहत. त्याचा तिला असा संताप येई, की कितीदा तरी ती किनाऱ्यावर जाऊन एकटीच रडून आली होती.

आणि दोन वर्षांपूर्वी याच गळ्याने केवढं नाव काढलं होतं! पहिला पिक्चर मोनालीने काढला, जमुनाबाईच्या पुतण्याच्या मुलीने. पोरगी बोईसरला औषधांच्या कारखान्यात पॅकिंगला जायची आणि सुटीच्या दिवशी मोबाईल घेऊन शूटिंग करत हिंडायची. तिचा भाऊ भावेश डायनासोरच्या आत शिरायचा. टाकाऊ फोम, फाटकी जाळी आणि ताडपत्री यांचा तो डायनासोर. शेपटीची तर नुसती बोंब होती. पण तो किनाऱ्यावर येतो काय, पहिल्याच झटक्याला जमुनाबाईला गिळतो काय, आणि गिळताना जमुनाबाई अशी किंकाळी फोडते काय! पिक्चरचा सगळा जीव त्या किंकाळीत होता. फोनवरून फोनवर ती पार डहाणूपर्यंत पोचली. वाटेत पोरं तिला बघून किंकाळी मारत, आणि ती पाटी खाली ठेवून त्यांना खरी कशी मारायची ते दाखवी.

आता हा दुसरा भाग, जमुनाबाईशिवाय. डायनासोरने खाल्लेल्या बाईचं दुसऱ्या भागात काय काम? हे तिला कळत का नव्हतं? पण ‘आजी, शूटिंग बघायला तरी ये’ असं मोनाली एकदाही म्हणाली नव्हती, आणि ते तिच्या मनाला फार लागलं होतं. तशात त्याच पोरीने गावभर सांगून ठेवलं होतं, की पिक्चर संपला की पहिली जमुनाआजी बोलणार, जमला का फसला. बोलणार म्हणे! निकाल तर जमुनाबाईने घरूनच लावून आणला होता. पयल्याची सर नाय.

पडद्यावर खाडी दिसली. तिवरांच्या झुडपात अंडं, अंड्यातून पिल्लू, पिल्लामागे धावणारी माणसं. शूटिंग आधीपेक्षा चांगलं होतं, हे जमुनाबाईला मनातल्या मनात मान्य करावं लागलं आणि त्याचा तिला रागच आला. मग तिवरांतून पिल्लाच्या आईने, म्हणजे जमुनाबाईला गिळणाऱ्या त्याच डायनासोरने, डोकं वर काढलं. मान कशी सरसर वळत होती! भावेशने शेपूटही या वेळी धड शिवली होती.

पण अर्धा पिक्चर सरला तरी त्या आईने तोंड उघडलं नाही. माणसं दगड मारत होती, ती नुसती बघत होती.

“मुकी हाय का काय ही?” मागून कुणीतरी म्हणालं, आणि हशा पिकला.

जमुनाबाईला तो हशा झोंबला. मानेवरची खूण झाकायला गुंडाळलेला पदर तिने आणखी घट्ट केला. बाहेर जावं असं वाटत होतं, पण पहिल्या रांगेतून उठायचं म्हणजे सगळ्यांच्या डोळ्यांवर यायचं. ती बसून राहिली.

पडद्यावर माणसांनी पिल्लाला जाळ्यात गुंडाळलं आणि होडीत टाकलं. आई किनाऱ्यावर आली. तिने पाय रोवले, समुद्राकडे मान केली आणि जबडा उघडला.

आवाज पोटातून निघाला, जाडाभरडा, खोल. जमुनाबाईच्या खुर्चीखालची फरशी थरथरली. मग तो चढत गेला, चढत गेला, आणि शेवटी वर जाऊन असा लांबला, की जमुनाबाईचा हात आपोआप गळ्याकडे गेला. तो हेल तिच्या ओळखीचा होता. बाजारात सकाळी पहिली हाक घालताना ती शेवट असाच लांबवायची.

“गो बाय!” मागची एक म्हातारी उभी राहिली. “ही तं आपली जमुनाबाय!”

हॉलमध्ये एकच कल्ला झाला. पडद्यावर डायनासोरीण पुन्हा ओरडली, होडीतल्या माणसांनी घाबरून पाण्यात उड्या टाकल्या, आणि तिसऱ्यांदा ती ओरडली तेव्हा अख्खं एडवण तिच्याबरोबर ओरडलं. पिल्लू सुटलं. जमुनाबाईच्या गालांवरून पाणी वाहत होतं आणि ते पुसायचं तिला सुचत नव्हतं.

दिवे लागले तशी मोनाली येऊन तिच्या खुर्चीपाशी उकिडवी बसली. आजीला रडताना बघून पोरीचा चेहरा पार उतरला होता.

जमुनाबाईचे ओठ हलले. “आवाज कुठनं आनलास?”

“पयल्या पिक्चरच्या वेळेस भावेशने पापलेटांच्या पाटीत पाय दिलेला ना, तवा तू त्याला कसल्या शिव्या घातलेल्या! तवा मोबाईल चालूच व्हता. तेच हळू करून लावलं. शेवटी तुझी किंकाळी जोडली.” मोनाली आणखी जवळ सरकली. “आदी सांगितलं असतं आनि जमलं नसतं, तं तुला किती वाईट वाटलं असतं, आजी. आनि तुला खाल्लीच हाय ना त्या डायनासोरनं? मग त्याच्या पोटातनं दुसरा कुनाचा आवाज येनार?”

 जमुनाबाईने मोनालीचा कान धरला, चांगला पिरगळला आणि तोच हात तिच्या तोंडावरून फिरवला.

“आजी, बोल ना! जमला का फसला?” भावेश दारातून ओरडला. डायनासोरिणीचं डोकं त्याने काखेत मारलं होतं.

ती उठली आणि लोकांकडे वळली. सवयीने तिला वाटलं, आपण ओठ हलवू आणि ही माणसं आपलं आपलं बोलत राहतील. पण कुणी बोलत नव्हतं. कडेवरच्या पोरांनाही आया गप्प करत होत्या. कुणीतरी जाऊन पंखे बंद केले.

“पयला बरा व्हता,” जमुनाबाई म्हणाली. नुसता श्वासच तो, पण पार मागे भिंतीला टेकलेल्या माणसांनी तो ऐकून माना डोलावल्या. “हा माझा हाय.”

शिट्ट्यांनी ताडपत्र्या फडफडल्या. जमुनाबाईने खुर्ची नीट केली, पडद्याच्या बरोब्बर समोर, पदर गळ्यावरून काढून खांद्यावर टाकला आणि मोनालीला खूण केली.

“लाव परत,” ती म्हणाली. “आनि आवाज वाढव.”